मागच्या खोलीतली मतदार

डँडेनाँग,
सोमवार, ९ मार्च २०२६

नचिकेत,

धाकट्या दिराला पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहितात. या वेळी ते माझ्याकडून मिळणार नाहीत. कागदावर लिहितेय, कारण माझे मेसेज महिनाभर एका टिकवर अडकलेत. तू मला ब्लॉक केलंस हे न कळण्याइतकी मी बावळट नाही.

आज लेबर डेची सुट्टी, तरी माझी सकाळची शिफ्ट होती. आमच्या वृद्धाश्रमाच्या रिसेप्शनवर तुझ्या पत्रकांचा गठ्ठा पडला होता. ग्लेन वेव्हर्लीतून राज्याच्या विधानसभेसाठी पक्षाचा उमेदवार, निळा सूट, मागे स्वतःचं घर. हसतोयस असा, की हा माणूस दारातून कुणाला परत पाठवत नसेल असं वाटावं. एक उचललं आणि ब्रेकमध्ये वाचायला घेतलं. चहा तसाच गार झाला.

पहिलाच मुद्दा, ‘कुटुंब हा समाजाचा पाया’. वा रे वा. तुझा सख्खा भाऊ जाऊन साडेतीन वर्षं झाली. तेवढ्यात तू आमच्याकडे दोनदा आलास, त्यातल्या एकदा पार्किंग मिळालं नाही म्हणून गाडीतूनच हात करून गेलास.

मग स्टेशनजवळच्या जुन्या कारपार्कवर होणारे परवडणारे फ्लॅट्स. त्यांना तुझा कडाडून विरोध, कारण परिसराचं रूप बिघडेल. ते फ्लॅट्स कुणासाठी आहेत ते वाचलंस तरी का? नर्स, केअरर, क्लीनर, जे तुमच्या ग्लेन वेव्हर्लीत कामाला येतात आणि राहायला दूर जातात त्यांच्यासाठी. म्हणजे माझ्यासाठी. तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालायला मी चालते, फक्त तिथे राहिले की परिसराचं रूप बिघडतं. यादीत नाव घालायचा फॉर्म मी मागवून ठेवलाय, म्हणून मला जास्त लागलं.

घरमालकांवरचे नियम जाचक आहेत म्हणतोस. असतील. आमच्या घरमालकानं घर विकायला काढलं म्हणून माझी लेक उर्वी आणि मी खोकी भरून शाळेच्या झोनबाहेर आलो, तेव्हा आमच्यावर कुणाचा जाच होता ते तुझ्या पत्रकात नाही.

आणि शेवटी तो चौकटीतला मजकूर. शाळेच्या झोनमध्ये खोटे पत्ते देणाऱ्यांची कडक तपासणी, ‘रांगेत घुसणाऱ्यांना इथे जागा नाही’. हे छापताना तुला स्वतःची मुलगी आठवली नाही?

२०१४ साली तुम्ही क्लेटनला राहत होतात. तुझ्या चिन्मयीला ग्लेन वेव्हर्लीचंच हायस्कूल हवं होतं आणि जिथल्या मुलांनाच तिथे प्रवेश मिळतो त्या झोनमध्ये आमचं भाड्याचं युनिट होतं. यतीन, तुझा दादा, नको म्हणत होता. मी त्याच्या मागे लागले. लेटरबॉक्सवर चिन्मयीचं नाव मी चिकटवलं. शाळेच्या मुलाखतीसाठी तिला समोर बसवून मीच पाठ करून घेतलं, मी या खोलीत झोपते, खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं. अकरा वर्षांची पोर रडायला लागली तेव्हा तू म्हणालास, पुन्हा एकदा म्हणून दाखव. शेवटी यतीननं केमिस्टच्या काउंटरवर, त्यालाच साक्षीदार धरून, शपथेवरच्या कागदावर, त्या स्टॅट डेकवर सही केली की पुतणी आमच्याकडे राहते. आयुष्यात त्यानं केलेलं ते एकच खोटं काम. आठवडाभर तो माझ्याशी धड बोलला नाही.

यंदा उर्वी सहावीत आहे. मे महिन्यात त्याच शाळेचा अर्ज भरायचा आहे. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आले तेव्हा मी तुझ्या पत्त्याबद्दल विचारलं आणि तू म्हणालास, “काळजी कशाला करतेस वहिनी, उर्वी माझीच आहे.” तुझी सुखदा शेजारीच उभी होती. त्या शब्दावर मी अजून विसंबून आहे, म्हणून हो की नाही ते स्पष्ट कळव.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तो असता तर लिहिलं असतं.

मधुवंती

---

ग्लेन वेव्हर्ली,
२० मार्च २०२६

आदरणीय वहिनी,

सा. न. तुमचं पत्र मिळालं. तुमच्या भावना मी समजू शकतो. माझा फोन सध्या कँपेन टीमकडे असतो, त्यामुळे ब्लॉक वगैरे तांत्रिक गोष्टी आहेत. स्क्रीनशॉट फिरतात, म्हणून मीही कागदावरच लिहितोय. आमच्या ऑफिसात मराठी वाचणारं कुणी नाही, तेवढी एक सोय.

फ्लॅट्सबद्दल माझी भूमिका व्यक्तींविरुद्ध नाही. ट्रॅफिक, पार्किंग, ड्रेनेज असे प्रश्न आहेत. इथल्या लोकांनी पंचवीस-तीस वर्षं हप्ते भरून घरं घेतली, त्यांचंही ऐकायला हवं.

चिन्मयीचं म्हणाल तर ती परिस्थिती वेगळी होती. त्या काळात आम्ही खरोखरच काही आठवडे तुमच्याकडे राहायला होतो. आणि जरा शांतपणे विचार करा, त्या कागदावर सही दादाची आहे, माझी नाही. हा विषय बाहेर निघाला तर खोटी शपथ घेणारा म्हणून नाव दादाचं येईल. हा धाक नाही, वस्तुस्थिती आहे.

उर्वीच्या बाबतीत मला माफ करा. सतरा वर्षं मी या देशात आहे. मीटिंगमध्ये माझं नाव लोकांना उच्चारता यायचं नाही म्हणून मी स्वतःला ‘निक’ म्हणवून घेतलं. पक्षानं इथे आपल्यातल्या माणसाला तिकीट दिलंय ते पहिल्यांदाच, आणि मी कधी घसरतोय याची वाट बघणारे पक्षातच बसलेत. अशा वेळी माझ्या पत्त्यावर खोटा अर्ज म्हणजे आत्महत्या. डँडेनाँगच्या शाळाही चांगल्या आहेत. मूल हुशार असलं की कुठेही चमकतं.

तुमचा,
नचिकेत

---

डँडेनाँग,
२७ मार्च २०२६

नचिकेत,

मी ‘तुम्ही’ कधीपासून झाले? पुण्यात कॉलेजला होतास तेव्हा माझ्या हातची थालीपीठं खाऊन “वहिनी, अजून एक टाक” म्हणायचास. मतदारांना लिहायची भाषा माझ्याशी वापरू नकोस.

काही आठवडे आमच्याकडे राहिलात म्हणे. एक रात्र राहिलात. मुलाखतीच्या आदल्या दिवशी, तेही चिन्मयीला खिडकीतलं झाड दाखवायचं राहिलं होतं म्हणून.

आणि यतीनचं नाव मध्ये आणायचं नाही. तो नाही म्हणून तो उत्तर देणार नाही, हे तुला बरोबर माहीत आहे. ‘धाक नाही’ असं जो लिहितो तो धाकच घालत असतो. तुझ्या भावानं तुझ्या मुलीसाठी सही केली आणि तू तीच सही त्याच्या बायकोच्या तोंडावर फेकलीस. मला तुझी लाज वाटते. त्या कागदाची प्रत माझ्याकडे आहे, हे तुला माहीत असलेलं बरं.

मूल हुशार असलं की कुठेही चमकतं, तर मग चिन्मयीला क्लेटनलाच चमकू द्यायचं होतंस. उर्वीच्या प्रायमरीतल्या सगळ्या मैत्रिणी त्या शाळेत जाणार आहेत. तिचा बाप गेला, घर गेलं, आता मैत्रिणी पण जाऊ देत म्हणतोस. मी जाऊ देणार नाही. काय करायचं ते मी बघते.

मधुवंती

---

ग्लेन वेव्हर्ली,
२७ एप्रिल २०२६

वहिनी,

तू काय केलंस याची तुला कल्पना तरी आहे का?

मतदारसंघात नव्यानं नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला आमच्या ऑफिसातून स्वागताचं पत्र जातं. यादी पक्षाकडून येते, कॉम्प्युटर छापतो, खाली माझी सही. शनिवारी सुखदानं पेटीतून टपाल आणलं. त्यात माझ्याच सहीचं, माझ्याच घरच्या पत्त्यावर आलेलं, ‘प्रिय मधुवंती, आपल्या परिसरात तुमचं स्वागत आहे’. सुखदानं ते मला ब्रेकफास्टला वाचून दाखवलं. चिन्मयी हसत सुटली आणि मी पत्र सुखदाच्या हातातून ओढून घेतलं.

मला न विचारता तू माझ्या घरातली मतदार झालीस. राहत नाहीस तिथे नाव नोंदवणं हा गुन्हा आहे. आणि हा पुरावा तू शाळेच्या अर्जाला जोडणार, एवढं कळायला मला कुणी सल्लागार लागत नाही. मी एक फोन केला तर तुझं काय होईल सांग.

पण फोन केला तर माझं काय होईल, हेही तू मोजलं असशीलच. तू आधीपासून आतल्या गाठीची.

तेव्हा आता व्यवहाराचं बोलतो. रविवारी, ३ मेला दुपारी दोन वाजता पुढच्या पत्रकासाठी घरी फोटो काढायचे आहेत. तू आणि उर्वी या. साडी नेसलीस तर बरं, उर्वीला शाळेचा युनिफॉर्म नको. दादाचा तो कागद बरोबर आण आणि मला दे. मी उर्वीसाठी स्टॅट डेक सही करून देतो, तुम्ही दोघी माझ्याकडे राहता म्हणून. त्यानंतर आपला काही संबंध नाही.

नचिकेत

---

डँडेनाँग,
२९ एप्रिल २०२६

नचिकेत,

येतो आम्ही दोघी. हे पत्र कामावर जाताना तुझ्या पेटीत स्वतःच टाकतेय.

तू जेवढा निर्लज्ज आहेस तेवढी मीही झालेय हे मला कळतं. काल उर्वीला समोर बसवलं आणि तुझ्या घरातल्या खोल्या पाठ करून घेतल्या. पायऱ्या चढून डावीकडे बाथरूम, मागच्या खोलीतून कपडे वाळत घालायची तार दिसते. ती रडली नाही. तिनं शांतपणे विचारलं, “Aai, if it’s a good school, why do we have to lie to get in?” मी तिला होमवर्क करायला पाठवलं.

यतीनचा कागद आणेन. फोटोखाली काय छापणार ते मात्र आधी सांग. तुझ्या पाठीशी उभी असलेली वहिनी असलं काही मला चालणार नाही.

मधुवंती

---

डँडेनाँग,
१९ जुलै २०२६

नचिकेत,

फोटोखाली काय छापणार हे मी विचारलं होतं. तू फोनवर म्हणालास, “नुसतं ‘माझं कुटुंब’, बाकी काही नाही.” मी तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवला. या वयात माणसाला अक्कल येते म्हणतात, माझी कुठे अडकलीय कोण जाणे.

काल तुझं नवीन पत्रक आलं. पहिल्या पानभर आम्ही. मी हिरव्या साडीत, उर्वीच्या खांद्यावर तुझा हात. खाली ठळक अक्षरात, ‘माझा भाऊ गेल्यानंतर माझी वहिनी आणि पुतणी आमच्याच घरी राहतात. आम्ही सरकारकडे घर मागायला गेलो नाही. कुटुंबं आपल्या माणसांना सांभाळतात. स्टेशनजवळच्या फ्लॅट्सना नाही म्हणा.’

साडेतीन वर्षांत तू आम्हाला एक वेळचं जेवायला घातलं नाहीस आणि पाऊण मतदारसंघाला सांगतोस की सांभाळतोयस. मी त्या फ्लॅट्सच्या यादीत नाव घातलंय. तेच फ्लॅट्स होऊ नयेत म्हणून तू माझाच चेहरा वापरलास. माझ्या वॉर्डातल्या एका आजींनी माझा हात धरून सांगितलं, तुझा दीर किती चांगला आहे, देव माणूस. त्यांची नखं कापत होते, मान खाली होती म्हणून बरं झालं.

माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी रोज पहाटे दोन ट्रेन बदलून येते. तिनं पत्रक बघितलं आणि एवढंच म्हणाली, तुला काय, तुला घर आहे. मग स्वतःचा डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

नचिकेत, मी आयुष्यात कुणाचा एवढा तिरस्कार केला नव्हता. यतीनचा भाऊ आहेस म्हणून इतकी वर्षं तुझ्यात काहीतरी त्याचं शोधत होते. आता शोधत नाही.

मधुवंती

---

ग्लेन वेव्हर्ली,
५ ऑगस्ट २०२६

वहिनी,

तुझा राग समजला. पत्रकातला मजकूर टीमनं लिहिला, छापून आल्यावरच मी पाहिला. पण परिणाम चांगला आहे, फोन येतायत.

दुसरी गोष्ट. उर्वीच्या नावानं शाळेचं पाकीट माझ्याकडे आलंय. मी ते उघडलं. पत्त्याची खात्री करणारं पत्र आहे, पालकानं सही करून १७ ऑगस्टच्या आत परत करायचं. नाही केलं तर जागा पुढच्या मुलाला.

१३ तारखेला संध्याकाळी कम्युनिटी हॉलमध्ये फ्लॅट्सविरोधी सभा आहे. तू ये आणि दोन वाक्यं बोल. आम्ही दिराकडे राहतो, आम्हाला त्या फ्लॅट्सची गरज वाटत नाही. एवढंच. सभा संपली की दारातच पाकीट तुझ्या हातात देतो.

मला हे लिहायला आवडतंय असं समजू नकोस. सर्व्हेमध्ये आम्ही बरोबरीत आहोत आणि माझ्याकडे दुसरं काही उरलेलं नाही. पक्षातले लोक आता मला निक म्हणत नाहीत, पूर्ण नाव घेतात. हे मला गमवायचं नाही.

नचिकेत

---

डँडेनाँग,
९ ऑगस्ट २०२६

नचिकेत,

मी सभेला येणार नाही. ती दोन वाक्यंही बोलणार नाही, कारण त्यातलं दुसरं खोटं आहे.

पहिलं मात्र खरं होणार आहे. पत्रक हातात पडलं त्याच दिवशी, म्हणजे १८ जुलैला, मी इथलं घर सोडायची अठ्ठावीस दिवसांची नोटीस दिली. हे मागच्या पत्रात मुद्दाम लिहिलं नाही. तिरस्काराबद्दल लिहिलं होतं ते खरंच होतं, पण त्याच्या आधी मी इथल्या घराच्या एजंटला ईमेल करून मोकळी झाले होते. शनिवारी, १५ तारखेला सकाळी दहा वाजता उर्वी आणि मी सामान घेऊन येतो. फ्रिज विकलाय, तुमचा मोठा आहे. शाळेचं पाकीट आमच्याच घराच्या पेटीत आलेलं आहे, ते मी माझ्या हातानं घेईन आणि सोमवारी शाळेत देईन. त्यात एक अक्षर खोटं नसेल.

तू माझं काय वाकडं करणार ते मी बघून ठेवलंय. पोलिसांना बोलावशील? त्यांना तुझी स्वतःची स्टॅट डेक दाखवीन, आम्ही मेपासून तिथे राहतो असं तूच शपथेवर लिहून दिलंयस. दार उघडणार नाहीस? ठीक आहे. मी पायरीवर बसेन, मांडीवर तुझं पत्रक घेऊन, हिरवी साडी नेसून. समोरच्या रिटायर्ड टीचरबाई तुझे प्रचाराचे बोर्ड लावायला येतात ना, त्या विचारतीलच. मी तक्रार एका शब्दानं करणार नाही. फक्त सांगेन, दीर बाहेर गेलाय, येईल इतक्यात.

एक कबूल करते. तुझ्या घरात राहायची मला हौस नाही. बारा वर्षांपूर्वी चिन्मयीला खोटं पाठ करून घेतलं तेव्हा यतीन गप्प बसला होता, त्याचा अर्थ मला गेल्या महिन्यात कळला. उर्वीला ‘मी कुठे झोपते’ हे पाठ करायला लागू नये, तिनं तिथे झोपावं, एवढंच मला हवं आहे.

मागच्या खोलीतले तुझे बोर्ड आणि खोकी हलवून ठेव.

मधुवंती

---

घरातूनच, पुढची खोली,
३ डिसेंबर २०२६

वहिनी,

साडेतीन महिने आपण एका घरात राहून एकमेकांशी बोलत नाही, म्हणून पुन्हा कागद. दाराखालून सरकवतोय.

निकाल तुला माहीत आहे. सहाशे अकरा मतांनी गेलं. तू मतपत्रिकेवर मला पसंतीचा कितवा नंबर दिलास ते विचारत नाही. पक्षातून परवापासून कुणाचा फोन आलेला नाही. सभेतले ते सगळे लोक मला भेटले की मोबाइलमध्ये बघतात.

आता पत्रकांचा प्रश्न संपला. तुला घाबरायचं मला कारण उरलेलं नाही, तसं मला तुझ्याकडूनही काही नको. उर्वीचा प्रवेश पक्का झालाय. ३१ डिसेंबरपर्यंत दुसरी जागा बघ. सकाळी सहाला तुझा कुकर, बाथरूमची रांग, हॉलमध्ये उर्वीचा व्हायोलिनचा क्लास, मला डोकं शांत हवंय. सुखदाला हे पत्र दाखवू नकोस, ती अलीकडे तुझ्या बाजूनं बोलते.

नचिकेत

---

मागची खोली,
४ डिसेंबर २०२६

नचिकेत,

मत दिलं ते दिलं. आठ उमेदवार होते, आठही चौकटींत पसंतीचा आकडा भरावा लागतो, तुझा आकडा तू ओळख.

घराबद्दल. दुसऱ्याचं पाकीट उघडून वाचायची सवय तुला आहेच, तर त्या शाळेच्या पत्रातली खालची ओळ आठव. पत्ता बदलला तर शाळेला कळवायचं. आणि मी आता कळवीन, कारण खोटं लिहायचं मी सोडलंय. मग त्यांनी विचारलं की पहिला पत्ता कधीपासूनचा, तर मे महिन्यातली तुझी शपथ आणि ऑगस्टमधलं आमचं सामान, दोन्ही सांगावं लागेल. त्यानं उर्वीची जागा जाईल की राहील मला माहीत नाही. तुझं नाव मात्र नक्की जाईल. म्हणून आम्ही इथून हलत नाही. उर्वीची बारावी डिसेंबर २०३२ मध्ये संपते.

तू मला घालवायला बसलास आणि तुझ्या मुलीनं काय केलं ते तुला कुणी सांगितलं नसेल. आम्ही आलो त्या सकाळी तू वरच्या मजल्यावर फोनवर होतास. दार चिन्मयीनं उघडलं. तिनं खोली आदल्या दिवशीच रिकामी केली होती, तुझे बोर्ड गराजमध्ये नेऊन. उर्वीच्या पलंगावर तिची जुनी गुलाबी उशी होती, आमच्या युनिटमध्ये त्या एका रात्री घेऊन आली होती तीच. मला म्हणाली, “Kaku, I still remember the lemon tree. I couldn’t tell anyone at school where I really lived, for a whole year.” मी तिची माफी मागितली. मागणाऱ्यांत तूही हवा होतास.

तुला शांतता हवी आहे, मलाही हवी आहे. मला तुझ्या सुखदाच्या स्वयंपाकघरात उभं राहायला आवडत नाही, बिचारी एका शब्दानं तक्रार करत नसली तरी. इथून निघायचा एकच सरळ रस्ता आहे, झोनमध्येच स्वतःची जागा. ती मला परवडेल अशी एकाच ठिकाणी होऊ शकते, स्टेशनजवळच्या कारपार्कवर. त्या फ्लॅट्सवरच्या हरकती आणि सूचना १८ डिसेंबरपर्यंत घेतायत. मी कौन्सिलच्या काउंटरवर बघून आले. फाइलमध्ये विरोधाचं पहिलंच पत्र तुझं आहे, लेटरहेडवर, चार पानी. माझं समर्थनाचं कालच दिलं. पत्ता अर्थात इथलाच.

हरलेल्या उमेदवारानं आपला विरोध मागे घेतला तर त्याचं वजन पडेल, असं तिथली बाई म्हणाली. सोबत फॉर्म ठेवतेय. आम्ही निघावं असं तुला मनापासून वाटत असेल तर भर. नाहीतर कुकर सहालाच लागेल.

मधुवंती

---

पुढची खोली,
१६ डिसेंबर २०२६

वहिनी,

फॉर्म सोबत आहे. विरोध मागे घेतला आहे आणि सही केली आहे. ‘समर्थनाचं कारण’ हा रकाना मी तीनदा लिहायला घेतला, प्रत्येक वेळी पत्रकातलीच वाक्यं यायला लागली. तो तूच भर.

दादाचा कागदही पाठवतोय. मी तो फाडणार होतो. फाडला नाही, का ते माहीत नाही. त्याची सही खाली जाताना थोडी तिरकी गेलीय. आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

पत्ता तू आधीच भरून ठेवला होतास. तो तपासून पाहिला, बरोबर आहे.

नचिकेत